आरोग्य कव्हर वाढवणेबाबत

रमजान ईदेनंतरच्या पहिल्या सोमवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, आमच्या गावात ग्रामपंचायतीसमोरच्या लिंबाखाली एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक फ्लेक्स मांडण्यात आला. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत ‘आरोग्य कव्हर वाढवा’ असं लिहिलं होतं आणि त्याखाली ‘सही करा’. दुपारपर्यंत सह्या फारशा झाल्या नाहीत. कव्हर मागायला मात्र रांग लागली.

गाव भूम आणि वाशीच्या मधे आहे. दोन्हीकडून सारखंच आडबाजूला असल्यामुळे दोन्हीकडची माणसं त्याला पलीकडच्यांचं समजतात. धाराशिव त्याहून बरंच लांब. मोहीम त्या लांबीविरुद्ध होती.

ती सुरू झाली एका माणसामुळे. एसटीतून निवृत्त झालेले हे चालक, गावात त्यांना डायवरसाब म्हणतात. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिससाठी धाराशिवला जावं लागतं. शासनाच्या आरोग्य योजनेत डायलिसिस फुकट होतं. धाराशिवपर्यंतचा रस्ता योजनेत बसत नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघायचं, दिवसाचा मोठा भाग मशीनला जोडून पडायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. सोबत त्यांची बायको असते. ती गावातली शिवणकामवाली, सगळ्या गावाची आपा. त्या दोन दिवशी आपांचं दुकान बंद असतं आणि गावातले ब्लाऊज अर्धवट राहतात.

ज्या रस्त्यावर त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षं गाडी चालवली, त्याच रस्त्यावर आता ते प्रवासी होते. ते चालकाच्या मागच्या सीटवर बसत आणि नव्या चालकांच्या ब्रेकवर मोठ्यानं मत देत. ‘गाडी थांबवायलास का बैल आवरायलास?’ हे त्यांचं वाक्य त्या मार्गावरच्या सगळ्या चालकांना पाठ आहे.

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी आपांना सांगितलं की बकरीदपर्यंत जातो, मग बास. आपांनी हे आशाताईला सांगितलं. आशाताई म्हणजे गावची आशा सेविका, तिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं. तिनं ते गुरुजींना सांगितलं. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी ते मला सांगितलं, कारण मी पूर्वी धाराशिवच्या एका दैनिकात होतो आणि गुरुजींच्या मते ज्या गोष्टीबद्दल काही करायचं असेल ती आधी पत्रकाराला सांगावी. ऐकीव माहितीची खातरजमा करावी म्हणून मी आपांच्या दुकानावर गेलो. डायवरसाब बाहेर बाकावर बसले होते.

‘खरंय का?’ मी विचारलं.

‘पेपरात देणार काय?’

‘नाही.’

‘मंग खरंय.’

कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘मशीनचा काय तरास न्हाय हो. मशीन लई गुणी हाय. गप काम करतंय. जाणं-येणं मारायलंय मला. येताना गाडीत उलटी होती. माझ्या गाडीत कुणी वकलं की म्या गाडी थांबवून त्याचा उद्धार करायचो. आता पोरगं कंडक्टर माझ्यासमोर पिशवी धरतंय. बोलत न्हाय काय. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.’

आत शिवणाचं मशीन चालू होतं. ते थांबलं नाही.

दोन दिवसांनी त्याच दुकानात बैठक झाली. निवेदनं देणं हा गुरुजींचा निवृत्तीनंतरचा व्यवसाय आहे. रस्ता, पाणी, शाळेची गळती, बसथांब्याचं छप्पर, अशा प्रत्येक विषयावर त्यांनी सह्या गोळा केल्या आहेत. यशाचं उदाहरण विचारलं की ते एका तलाठ्याच्या बदलीचं देतात. त्या तलाठ्यानंही बदलीसाठी स्वतः अर्ज केला होता, हे ते शेवटी सांगतात.

मागणी काय करायची यावर वाद झाला नाही. डायलिसिसची सोय तालुक्याच्या दवाखान्यात व्हावी आणि योजनेत तिचा समावेश व्हावा. ते होत नाही तोपर्यंत रुग्ण आणि सोबतच्या माणसाचं जाणं-येणं योजनेत धरावं. मजकूर मी लिहिला. वाद फ्लेक्सवरच्या शब्दावर झाला.

मी ‘आरोग्य विमा’ सुचवलं.

‘विमा म्हणू नका,’ आशाताई म्हणाली. ‘विमा म्हणलं की सगळा बाजार पीकविम्याचं इचारायला येतोय. कधी पडणार, किती पडणार, शेजारच्याला पडला मला का न्हाय. दिवस त्यातच जाईल.’

मी ‘योजना’ म्हटलं.

‘योजना म्हणलं की बाया पासबुक घेऊन येतेत.’

‘आरोग्य संरक्षण?’

‘संरक्षण म्हणजे पोलीस वाटतेत,’ गुरुजी म्हणाले. ‘कुणापासून संरक्षण, असं कुणी इचारलं तर काय सांगायचं? गावात हा प्रश्न काढू नाही.’

मग गुरुजींनीच शब्द काढला. ‘कव्हर. टीव्हीवर रोज सांगतेत, अमुक लाखाचं कव्हर, तमुक लाखाचं कव्हर. लहान शब्द आहे, फ्लेक्सवर मोठा दिसतो.’

बाहेरच्या बाकावरून डायवरसाबांचा आवाज आला, ‘कशाला कव्हर बसवायलाव गुरुजी? शिटाला?’

सगळे हसले. सूचना म्हणून ती कुणी घेतली नाही.

त्या सोमवारी टेबलापाशी पहिला माणूस आला तो डोंगराकडच्या वस्तीवरचा एक म्हातारा मेंढपाळ. त्यानं खांद्यावरची घोंगडी खाली ठेवली, बंडीच्या आतल्या खिशातून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं आरोग्याचं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

‘ह्याला द्या. जरा वाढीव द्या. मागं एक घेतलं त्यात मावंना.’

गुरुजींनी त्याला समजावलं. आजोबा, कव्हर म्हणजे ते कव्हर नाही. कव्हर म्हणजे संरक्षण.

‘मंग तेच म्हणतुया की म्या,’ म्हातारा म्हणाला. ‘पावसापासनं.’

त्यानं सही केली नाही. कव्हर नसताना सही कशाची घेता, असं त्यानं विचारलं आणि लिंबाखाली बसून राहिला, कारण त्याच्या मते कव्हरं संपली होती आणि दुपारपर्यंत नवी येतील. त्याला बसलेला पाहून आणखी लोक थांबले. बाजारात रांग दिसली की माणसं आधी रांगेत उभी राहतात आणि मग कशाची म्हणून विचारतात. एका बाईनं रेशनकार्ड आणलं, एकीनं आधार. एका तरुणानं मोबाईल पुढं केला आणि मॉडेल सांगितलं.

मोबाईलमुळे पुढचा प्रसंग आला. त्याच लिंबाच्या पलीकडच्या अंगाला दर सोमवारी एक जण मोबाईलची आणि कार्डांची प्लास्टिकची कव्हरं विकायला बसतो. तो उठून आला.

‘गुरुजी, तुम्ही मला चौथीला होता,’ तो म्हणाला.

‘होतो.’

‘तवा बी तुम्ही माझ्या पोटावरच मारायचा.’

त्याला निवेदन वाचायला देण्यात आलं. त्यानं ते पूर्ण वाचलं आणि विचारलं, ‘मंग कव्हर फुकट वाटायचं ह्याच्यात कुठं हाय?’ नाहीच, असं सांगितल्यावर तो म्हणाला, ‘मंग तुम्ही लोकांना फशिवताय व्हय?’ आणि समाधानानं परत गेला. त्या दिवशीच्या मोजक्या सह्यांमध्ये त्याची एक आहे.

संध्याकाळी टेबल उचलून दुकानात आणलं. गुरुजींचं मत होतं की फ्लेक्स बदलावा. आशाताईचं मत होतं की आता बदलला तर लोक म्हणतील कव्हर वाटायचं होतं, मधेच कुणीतरी खाल्लं. दोघंही बरोबर असल्यामुळे निर्णय होत नव्हता. आपा कातरणीच्या पोत्याकडे बघत होत्या. शाळेच्या गणवेशाचे, ब्लाऊजचे, परकराचे तुकडे वर्षभर त्यात साठतात आणि उन्हाळ्यात गोधडीला जातात.

‘एवढी माणसं कव्हर मागायलीत,’ त्या म्हणाल्या, ‘तर द्या की कव्हर.’

‘हे आमिष झालं आपा,’ गुरुजी म्हणाले. ‘सहीच्या बदल्यात वस्तू. लोकशाहीत बसत नाही.’

‘गुरुजी,’ बाहेरून आवाज आला, ‘लोकशाहीत काय काय बसतंय ते आमच्या गाडीत येऊन बगा निवडणुकीच्या वक्ताला.’

पुढच्या सोमवारी टेबलावर कापडी कव्हरांचा ढीग होता. कार्ड बसेल एवढी पिशवी, वर घडी, घडीला बटणाऐवजी दोरी. निळ्या चौकड्याची, लाल ठिपक्यांची, जरीच्या काठाची. सही किंवा अंगठा झाला की एक कव्हर. तोच मेंढपाळ पुन्हा आला, त्यानं कार्ड घालून पाहिलं, उलटं करून हलवून पाहिलं, मग अंगठा दिला. ‘मागच्या सोमवारीच द्यायचं हुतं,’ तो म्हणाला. ‘उगं दिवस मोडला.’

बायकांनी दोरी लांब मागितली. ती गळ्यात घालता येईल एवढी झाली आणि मग म्हाताऱ्या बाया गळ्यात ताईत बांधावा तसं आरोग्याचं कार्ड घालून बाजारात फिरू लागल्या. काहींनी त्यात कार्डाऐवजी तंबाखू ठेवली. प्लास्टिकच्या कव्हरवाल्यानं त्या दिवशी आपलं दुकान उचलून आमच्या टेबलाशेजारी आणलं. धंदा बसला का, असं मी विचारलं. ‘रांगेतल्या माणसाला टाइम असतोय,’ तो म्हणाला, ‘चार्जर लई खपायलेत.’

नंतरचे सोमवार असेच गेले. मधल्या दिवसांत भूमच्या आणि वाशीच्या बाजारातही टेबल लावलं. तिथं आम्ही पोचायच्या आधी कव्हरची बातमी पोचलेली होती. निवेदन फार थोड्यांनी वाचलं. ज्यांनी वाचलं त्यांच्यातले काही जण मात्र टेबलापासून हलले नाहीत. वाशीत एका बाईनं वाचून झाल्यावर विचारलं, ‘हे आमच्या मालकाला बी लागू हाय का? त्यांचं बी हेच हाय.’ भूमला एकानं बाही वर करून हातावरची सुयांची जागा दाखवली आणि कव्हर न घेता सही करून गेला. मोहिमेत कव्हर न घेता झालेल्या सह्या बहुतेक अशा लोकांच्या आहेत.

एक सही मात्र मिळत नव्हती. गुरुजी कागद घेऊन तीनदा बाकापाशी गेले. तिसऱ्या वेळी मी सोबत होतो.

‘सगळ्या गावानं केली. तुमचीच राहिली.’

‘राहू द्या.’

‘अहो, मागणी तुमच्यासाठी आहे.’

‘म्हणून तर न्हाय करायची,’ डायवरसाब म्हणाले. ‘दुसऱ्यानं माझ्यासाठी मागितलं तर समाजसेवा. माझं म्याच मागितलं तर भीक. तुमची समाजसेवा चालू द्या. बकरीद जवळ आलीय.’

आपा आत दोरी ओवत होत्या. त्यांनी दोरा दातानं तोडला, एवढंच.

निवेदन द्यायला गुरुजी, आशाताई आणि मी एका मंगळवारी गेलो, डायवरसाब आणि आपा जातात त्याच गाडीनं. गाडीची पाटी धाराशिवची होती. चढणाऱ्यांपैकी काहींनी धाराशिवचं तिकीट मागितलं, काहींनी उस्मानाबादचं. कंडक्टरनं दोघांना सारखंच तिकीट दिलं आणि नंतर एकाच ठिकाणी उतरवलं. गुरुजींनी सह्यांचा गठ्ठा मांडीवर घेतला होता. डायवरसाबांनी एकदा मागं वळून पाहिलं. ‘एवढ्या सह्या घेऊन तुम्ही डेपो मागितला असता तरी मिळाला असता,’ ते म्हणाले. घाटात त्यांनी चालकाला गिअरबद्दल सल्ला दिला. चालकानं तो ऐकला.

स्टँडवरून ते दोघं दवाखान्याकडे गेले, आम्ही तिघं कार्यालयाकडे. कार्यालय कुठलं ते इथं महत्त्वाचं नाही. तिथला आवक लिपिक सभ्य माणूस होता. त्यानं गठ्ठ्याचं वजन हातानं पाहिलं.

‘कव्हरिंग लेटर कुठंय?’

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मजकूर होता, सह्या होत्या, कव्हरिंग लेटर नव्हतं.

‘त्याशिवाय आवक होत नाही,’ लिपिक म्हणाला. ‘आणि अर्जदार एक पाहिजे. एवढे सगळे अर्जदार असतील तर उत्तर कुणाला द्यायचं?’

गुरुजींनी बाहेरच्या बाकावर बसून कव्हरिंग लेटर लिहिलं. आयुष्यभर फळ्यावर लिहिल्यामुळे त्यांचं अक्षर लांबूनही वाचता येतं. विषयाच्या जागी त्यांनी फ्लेक्सवरचा शब्द लिहिला: आरोग्य कव्हर वाढवणेबाबत. अर्जदार म्हणून त्यांनी डायवरसाबांचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला आणि खाली ‘करिता’ असं लिहून स्वतःची सही केली. हे विचारून करायला हवं होतं, असं आशाताई म्हणाली. विचारलं तर नाही म्हणतील, असं गुरुजी म्हणाले. दोघंही पुन्हा बरोबर होते. पोच मिळाली.

संध्याकाळच्या गाडीत डायवरसाब डोळे मिटून बसले होते. गुरुजींनी त्यांना अर्जदाराबद्दल सांगितलं नाही. भूमच्या अलीकडे कंडक्टर पिशवी घेऊन पुढं आला.

उत्तर बकरीदच्या आधीच्या आठवड्यात आलं. रजिस्टर पत्र होतं आणि ते डायवरसाबांच्या नावानं होतं, त्यामुळे पोस्टमननं ते त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी पाकीट न फोडता आम्हा सगळ्यांना दुकानात बोलावलं.

‘सरकारनं मला पत्र का लिवलं?’ त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला. तेव्हा पाकीट माझ्याकडे आलं आणि मी वाचलं.

विषय तोच होता. मजकूर असा होता की उपरोक्त विषयाच्या अनुषंगानं आरोग्य कार्डाच्या कव्हरचं सध्याचं माप वाढवण्याची आपली मागणी या शाखेशी संबंधित नसल्यानं भांडार शाखेकडे वर्ग करण्यात आली आहे. त्या शाखेत सुनावणी ठेवण्यात आली असून अर्जदारानं मूळ कार्ड व अपेक्षित मापाच्या नमुना कव्हरसह स्वतः हजर राहावं. प्रतिनिधी चालणार नाही. अर्जदार गैरहजर राहिल्यास त्याचं काही म्हणणं नाही असं समजून प्रकरण निकाली काढण्यात येईल.

आशाताईनं पदर तोंडाला लावला. गुरुजी म्हणाले, ‘मी उद्याच जातो. चूक दुरुस्त करतो. अर्ज मागं घेतो.’

डायवरसाबांनी हात वर केला. ‘शेवटचं परत वाचा.’

मी वाचलं. त्याचं काही म्हणणं नाही असं समजून.

‘कुणाचं म्हणणं न्हाय?’

‘अर्जदाराचं.’

‘म्हंजी माझं.’

‘हो.’

‘मला म्हणणं न्हाय?’ ते बाकावरून उठले. ‘मला? अहो, डेपोत माझ्यावर किती चौकश्या लागल्या इचारा कुणालाबी. गाडी वेळेआधी काढली म्हणून लागली, वेळेनंतर काढली म्हणून लागली. बैल मधी आला तवा बैलाला न्हाय लागली, मला लागली. एकीला बी गैरहजर न्हाय म्या. गैरहजर राह्यलं की झालं, तुमचं तेच खरं. म्हणणं न्हाय म्हणे.’ मग ते गुरुजींकडे वळले. ‘आन् तुम्ही. माझं नाव टाकलं आन् मला पत्ता न्हाय.’

‘चुकलं,’ गुरुजी म्हणाले.

‘चुकलं तर चुकलं. मागं काय घ्यायलाव आता? तारीख कवाची हाय?’

मी तारीख सांगितली. ती ईदेनंतर तिसऱ्या आठवड्यातली होती.

तारीख बकरीदच्या पुढची आहे आणि बकरीदनंतर धाराशिवला जायचं नाही असं ठरलेलं आहे, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. दोन आठवडे डायलिसिस चुकलं तर काय होतं, तेही आशाताईनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं. आपांनी हातातली कात्री खाली ठेवली.

‘अजी,’ त्या म्हणाल्या, ‘तारीख ईद के बाद की है.’

‘सुना मैं.’

‘तो जाना पडता फिर.’

‘हौ,’ ते म्हणाले. ‘जाना पडता.’

त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. मग त्यांना हसू आलं. मशीन मागितलं तर नमुना मागायलेत, असं म्हणत ते बराच वेळ हसत होते आणि मधेच खोकत होते.

बकरीद झाली. त्यानंतरच्या मंगळवारी ते पहिल्या गाडीला होते. शुक्रवारीही होते. नमाज चुकते, ही त्यांची शुक्रवारबद्दलची जुनी तक्रार त्यांनी त्या दिवशीही केली.

सुनावणीच्या दिवशी त्यांच्या हातात आपांनी शिवलेलं नमुना कव्हर होतं. ते खाकी होतं. कापड कुठलं ते विचारावं लागलं नाही, कारण कडेला त्यांच्या एसटीच्या गणवेशाच्या खिशाची जुनी शिवण तशीच दिसत होती. भांडार शाखेच्या अधिकारी बाई होत्या. त्यांनी कव्हर हातात घेऊन पाहिलं आणि टाके चांगले आहेत असं म्हणाल्या.

‘हे कव्हर आमाला नको,’ डायवरसाब म्हणाले.

‘मग नमुना कशाला आणला?’

‘तुम्ही म्हणला म्हणून.’

त्यांनी उभं राहून आपलं म्हणणं सांगितलं. तालुक्याला मशीन पाहिजे. ते होईस्तोवर जाण्या-येण्याचं योजनेत घ्या. मशीनचा त्रास नाही, रस्त्याचा आहे. उलटीचंही सांगितलं. अधिकारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी गठ्ठ्यातलं मूळ निवेदन काढून वाचलं. त्या कार्यालयात ते वाचलेल्या त्या बहुधा पहिल्या होत्या. त्या म्हणाल्या की हा विषय खरा वेगळा आहे, त्यासाठी वेगळा अर्ज लागेल आणि तो वेगळ्या शाखेकडे जाईल. तो अर्ज त्यांनी स्वतः त्या शाखेपर्यंत पोचवायचं कबूल केलं. पण कव्हरचं प्रकरण नोंदलेलं असल्यामुळे तेही चालू राहील. नमुना जमा करून घेण्यात आला.

वेगळा अर्ज तिथंच लिहिला गेला. या वेळी गुरुजींनी पेन हातात घेतलं तेव्हा डायवरसाबांनी विषय सांगितला. ‘लिवा, डायलिसिस मशीन. कव्हर हा शब्द कुठं यायला नको. माझं नाव बरोबर लिवा.’ खाली ‘करिता’ नव्हतं. सही त्यांची होती, आणि त्या मागणीवरची ती त्यांची पहिली सही होती.

त्या अर्जालाही सुनावणी मिळाली. अर्जदारानं स्वतः हजर राहावं, असं तिच्या पत्रातही आहे. पहिल्या तारखेला संबंधित अधिकारी दौऱ्यावर होते, दुसऱ्या तारखेला माहिती मागवली आहे असं सांगण्यात आलं. प्रत्येक वेळी पुढची तारीख दिली गेली. तारीख पुढं गेली की गुरुजी चिडतात आणि लेखी निषेध नोंदवावा म्हणतात. आपा पुढची तारीख विचारून घेतात आणि दुकानातल्या कॅलेंडरवर तिथं सुई टोचून ठेवतात. लवकर निकाल लावा असा अर्ज देऊ या, असं गुरुजींनी एकदा सुचवलं. ‘थोडं थांबा गुरुजी,’ आपा म्हणाल्या. ‘काय घाई हाय?’

दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसानं डायवरसाबांना विचारलं होतं की एवढ्या लांबून आठवड्यातून दोनदा येणं मला जमेना, तुम्हाला कसं जमतं. तो भूमच्या बाजारात बाही वर करून दाखवणारा माणूस होता. ‘केस चालू हाय,’ डायवरसाब म्हणाले. ‘तारखेला हजर राहायला लागतंय. आन् हजर राहायला माणूस आधी जिता लागतोय.’ त्या माणसानंही आता आपलं नाव अर्जात घातलं आहे.

पाऊस संपता संपता गावात आरोग्य कार्डांसाठी प्लास्टिकच्या कव्हरांचा एक गठ्ठा आला. माप पूर्वीपेक्षा वाढीव आहे. वाटप लिंबाखालीच झालं. मेंढपाळानं एक घेतलं आणि ते आपांच्या कापडी कव्हरावरून चढवलं. ते मावलं.

डायलिसिसच्या अर्जावर पुढची तारीख पडली आहे. तालुक्याला मशीन आलेलं नाही. या मंगळवारी पहिली गाडी वेळेवर सुटली. डायवरसाब चालकाच्या मागच्या सीटवर होते, आपा त्यांच्या शेजारी होत्या आणि दुकान बंद होतं.